वाटीचा लसूण

“शालन, वाटी कुठं ठेवलीस?”

हे गाडीच्या सीटखाली अर्धे आत आणि अर्धे बाहेर होते. मला नुसते पाय दिसत होते. मी स्टोव्हवरचं पिठलं ढवळत होते.

“कसली वाटी?”

“कसली म्हंजे? गिअरची. रॉकेलनं धुऊन, फडक्यात बांधून हितंच ठेवली हुती की.”

“मला काय ठाऊक? तुमच्या लोखंडाला मी हात लावते होय?”

एवढं बोलले आणि पुन्हा पिठल्याकडं तोंड फिरवलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते असं नाही. साडी कितीला आणली, माहेरी किती दिवस राहणार, असलं बायका बोलतात तेवढं बोलले होते. पण त्या दिवशी पिठल्यात मीठ दोनदा पडलं.

हे बाहेर आले. गुडघे झटकले, कपाळावर सरकलेला चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, क्षणभरच.

“आसू दे,” म्हणाले. “जेवायला वाढ.”

ह्या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली.

हे म्हणजे हिंदुराव सासणे. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत चौतीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर सुनेच्या आमटीला नावं ठेवतात. ह्यांनी एक जुनी मॅटॅडोर विकत घेतली. त्या गाडीनं वीस वर्षं सुताची बाचकी वाहिली होती आणि तिच्या पत्र्याला अजून कांजीचा वास यायचा. ह्यांनी दीड वर्ष मागच्या दारी राबून तिचं घर केलं. दिवसा बसायचं, रात्री उलगडून झोपायचं बाकडं. टपावर पाण्याची टाकी आणि आत तिचा नळ. भांड्यांची फळी तर अशी, की कितीही खड्डे लागोत, एक चमचा खाली पडत नसे. ती फळी किती उंच हवी ते बघायला ह्यांनी मला तीनदा उभं केलं होतं, हात वर करून. समोर काचेपाशी गणपती. गल्लीतली माणसं बघायला यायची, आणि आमचा रणजित त्यांना सांगायचा, “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आमच्या आबांचं चार चाकांवर.”

निघायच्या दिवशी बापलेकांचं वाजलं.

“आबा, ह्या गाडीचे पार्ट निघायचे कधीच बंद झालेत,” रणजित म्हणाला. “कुठं रानात अडकून पडलासा म्हंजे?”

“पडलो तर काढीन वाट.”

“आणि न्हाई निघाली तर?”

ह्यांचा चेहरा लाल झाला. “आठ दिवसांच्या वर एका जागी अडकलो, तर मी स्वतःच्या हातानं ही गाडी भंगारात घालीन. मग तर झालं?”

हिंदुराव सासण्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रणजितला ते ठाऊक होतं, म्हणून तो गप्प बसला. मलाही ठाऊक होतं.

दोन महिने गाडी झकास चालली. सोलापूर झालं, लातूर झालं, वाशीम झालं. विदर्भाच्या पार टोकाला जाऊन नवेगावचा तलाव बघायचा, थव्यानं येणारे पक्षी बघायचे, हे ह्यांच्या मनात होतं. कारंजा गाव दहाएक किलोमीटरवर आलं आणि एका चढावर ह्यांच्या हातातला गिअरचा दांडा पळीसारखा गोल गोल फिरायला लागला. गिअर पडेनाच.

गिअरच्या दांड्याच्या बुडाला लोखंडाचा एक गोळा असतो. तो ज्यात बसतो ती आंब्याएवढी लोखंडी वाटी. इतक्या वर्षांच्या घासटीनं ती वाटी झिजून मधोमध चिरली होती. दोष कुणाचा नव्हता. माणसाचे गुडघे जातात तशी ती गेली होती.

शेजारीच बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं आवार होतं. तिथले राखणदार गुणवंतराव आणि त्यांची बायको पंचफुलाबाई धावून आले. वाटसरूंच्या मदतीनं गाडी ढकलून आत कडुलिंबाखाली लावली. “राहा जी किती दिस राहाचं ते,” गुणवंतराव म्हणाले. “जागेले काई तोटा नाई.” तो रविवार होता.

सोमवारी हे वाटी घेऊन कारंज्याला गेले. दुकानदारांनी माना हलवल्या. अकोल्याला जुन्या गाड्यांचा बाजार आहे, तिथं मिळाली तर मिळेल, पण नमुना नेल्याशिवाय जाऊ नका, असं सगळ्यांनी सांगितलं. जुन्या गाड्यांच्या बाजाराची रीतच ती. तोंडानं कितीही वर्णन करा, कुणी उठून बघत नाही. तुटका पार्ट फळीवर ठेवला, की तो हातात फिरवतात, मग आत जाऊन ढिगात शोधतात.

मंगळवारी सकाळी हे फाट्यावरच्या बूथवरनं घरी फोन करायला आणि अकोल्याची एस.टी. कधी असते ते विचारायला गेले. मैलभर चालायचं होतं. मी भांडी घासली, अंथरुणं उन्हात टाकली. समोर गणपतीपाशी ह्यांचा चष्मा तसाच राहिलेला दिसला. म्हटलं, आता बूथवर आकडे कसे दाबणार हा माणूस?

तेवढ्यात डोक्यावर टोपली आणि हातात काटा घेतलेली एक बाई मागच्या दाराशी आली.

“भंगार, पत्रा, लोखंड! लसून घ्या बाई, लसून!”

गुलाबी, बारीक पाकळीचा गावठी लसूण होता. मी गाडीतला फुटका डबा दिला, वाकलेली पळी दिली. तिनं काट्यात टाकून बघितलं. “इतक्यात काय येते बाई? अजून काई हाय का लोखंडाचं?”

आदल्या आठवड्यातल्या सोमवारी मी घरी फोन केला होता. सुनेनं रिसीव्हर नातवाच्या कानाला लावला होता. तो अकरा महिन्यांचा. मी निघाले तेव्हा रांगत होता, आता भिंत धरून चालत होता म्हणे. फोनवर तो नुसता श्वास घेत होता. तो श्वास गेले आठ दिवस माझ्या कानात होता.

मी सीटखाली हात घातला. फडकं सोडलं. वाटी जड होती आणि रॉकेलनं गार लागली.

“हे चालंल?” मी विचारलं.

“बाप्पा! हे तं मस्त वजनदार हाय.”

“घे,” मी म्हटलं.

तिनं ओंजळभर लसूण माझ्या पदरात टाकला. मला माहीत होतं मी काय केलं ते. नमुना गेला, म्हणजे पार्ट मिळणार नाही. पार्ट मिळाला नाही, म्हणजे आठ दिवस भरणार. मग रणजित ट्रक घेऊन येणार आणि मी घरी जाणार. हिशेब सरळ होता. गाडीचं काय होणार, हेही त्यातच होतं. तेवढंच मी मनात पुढं ढकललं.

त्या संध्याकाळी पिठल्याबरोबर मी लसणाची चटणी वाढली.

“लसूण कुठला?” ह्यांनी विचारलं.

“पंचफुलाबाईनं दिला.”

ह्यांनी चटणी खाल्ली. पुन्हा मागून घेतली. डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ली. “झणझणीत हाय,” म्हणाले आणि हात धुवायला उठले. मग तसंच नळापाशी उभं राहून म्हणाले, “रणजितनं भंगारवाला बघून ठेवलाय. सोमवारी सकाळी ट्रक घेऊन येतोय म्हणाला.”

बुधवारी हे नमुन्याशिवायच अकोल्याला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा धुळीनं भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

“काय झालं?” मी पाणी देत विचारलं.

“एकवीस दुकानं फिरलो. सगळी एकच इचारत्यात, नमुना आणलाय का? मी हातानं दाखवलं, कागदावर काढून दाखवलं. एकजण म्हणाला, आजोबा, घरी जाऊन आराम करा.”

असं कुणी ह्यांना बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गिरणीत इंजिनिअर लोक ह्यांना ‘मास्तर’ म्हणायचे. मशीनचा आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेलाय ते सांगणारा माणूस. तो त्या दिवशी पाय न धुता बाकड्यावर बसून राहिला. मला वाटलं होतं, आता माझ्या मनासारखं होतंय म्हणून बरं वाटेल. नाही वाटलं.

गुरुवारी सकाळी हे उठले ते वेगळ्याच तोऱ्यात.

“शालन, कणीक तिंब. घट्ट. पुरीला तिंबतीस त्याच्यापेक्षा घट्ट.”

“नाष्ट्याला काय करायचंय?”

“नाष्ट्याला न्हाई. वाटीला.”

मी बघतच राहिले. हे समजावून सांगायला लागले. गिरणीत एखादा भाग हरवला, तर त्याच्या जागेवरनं माप काढायचे म्हणे. गाडीच्या तळाला वाटी बसायची खाच शाबूत होती. दांड्याचा गोळा शाबूत होता. खाचेत कणीक भरायची, वरनं गोळा दाबायचा. दोन्हींच्या मध्ये जेवढी कणीक उरेल तेवढीच वाटी. नमुना नसला तर नमुन्याची रिकामी जागा तर आहे.

“कणीक देतीस नव्हं?” ह्यांनी विचारलं. सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. चाळीस वर्षांत पीठ मागायला ह्या माणसानं कधी असा सूर लावला नव्हता.

“देते की,” मी म्हटलं आणि परात काढली.

पहिली कणीक खाचेला चिकटून फाटली. दुसऱ्या वेळी तेलाचा हात लावला. ती निघाली, पण निघाल्याबरोबर हळूहळू आकसून पुन्हा गोळा झाली. तिसरी तशीच. दुपारपर्यंत आमच्याकडं एका लग्नाला पुरेल एवढी कणीक वाया गेली होती, आणि पंचफुलाबाईंच्या गाईची चंगळ झाली होती.

“गव्हाला तार हाय,” हे म्हणाले. “ताणलं की माघारी येतंय.” आणि पायरीवर डोकं धरून बसले. “ऱ्हाऊ दे आता. लई झालं.”

मी परात धुवत होते. त्यांची पाठ मला दिसत होती. सदऱ्याखालनं खांद्याची हाडं दिसत होती. दोन महिन्यांत वाळला होता माणूस, पण ह्या दोन महिन्यांत जेवढा हसला तेवढा गिरणी सुटल्यापासून हसला नव्हता. हे मी रोज बघत होते. बघून न बघितल्यासारखं करत होते. गप्प बसले असते तरी चाललं असतं. आता मला काहीच करावं लागत नव्हतं. चार दिवसांनी ट्रक येणारच होता.

“उडदाचं बघू या का?” मी म्हटलं.

“काय?”

“पापडाचं पीठ. उडदाला तार नसते. घट्ट भिजवून वरवंट्यानं कुटलं, की जसं दाबावं तसं राहतं. लाटीवर बोटाचा ठसा उठला तर वाळेपर्यंत जात नाही.”

ह्यांनी वळून बघितलं.

पंचफुलाबाईंकडं घरचे उडीद होते आणि पीठही दळलेलं होतं. मी मागितलं तर म्हणाल्या, “आता मोटारीत बसून पापड कराले घेता का जी, बाई?”

“गाडीलाच पापड खायला घालायचाय,” मी म्हटलं. त्यांना आधी काही कळलं नाही. सगळं सांगितल्यावर त्या अशा हसल्या की पदर तोंडात घालावा लागला. पण पाटा-वरवंटा त्यांनीच धुऊन आणून दिला आणि माझ्यासमोर बसून आळीपाळीनं पीठ कुटलं. पापडखार मी घातला नाही. फुगायला नको. मीठही नाही. नुसतं पीठ, पाणी, तेलाचा हात आणि दोन बायकांचे दंड.

दिवस मावळायच्या आत ह्यांनी तो गोळा खाचेत दाबला, वरनं दांडा बसवला, हळूच उचलला. हातात पांढरट, ओलसर, कड न फाटलेली वाटी होती. झिजलेली, चिरलेली नव्हे. नवी असताना असेल तशी.

हे ती वाटी धरून उभेच होते. मला रडू आलं आणि ते पंचफुलाबाईंना दिसू नये म्हणून मी खाली वाकून पाटा पुसायला लागले.

“वाळली की आकसणार,” मी म्हटलं. “मापं ओली असतानाच घ्यायला पाहिजेत.”

शुक्रवारी पहाटे पुन्हा पीठ दाबून नवीन ओली वाटी काढली, ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातली, आणि पहिल्या एस.टी.नं दोघं कारंज्याला गेलो. पार्ट शोधायला मी ह्यांच्याबरोबर कधी गेले नव्हते. डबा माझ्या मांडीवर होता. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी तो वर उचलायची.

लेथवाल्याचं दुकान स्टँडामागं होतं. उत्तम मिस्त्री म्हणून साठीचा माणूस, बनियनवर किसाचे काळे डाग. ह्यांनी सांगायला सुरुवात केली तोच त्यानं हात आडवा केला.

“नमुना आनला का जी? नमुन्याशिवाय मी लेथले हात लावत नाई.”

मी डबा पुढं केला. त्यानं झाकण उघडलं, फडकं बाजूला केलं आणि तोंड वासून बघत राहिला.

“बाप्पा! हे काय हाय? तळाचं का भाजाचं?”

“मापं घ्या आधी,” हे म्हणाले. “वाळायच्या आत.”

मिस्त्रीनं नाकाला लावून वास घेतला. “उडीद!” म्हणाला. मग कडेवर नख फिरवलं, आतला गोलावा बघितला आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं कॅलिपर घेतला, एक माप घेतलं, पुन्हा तेच घेतलं. शेवटी खुर्ची ओढून ह्यांच्यापुढं ठेवली.

“बसा जी मास्तर,” तो म्हणाला.

तो काम करत असताना ह्यांच्याशी बोलत होता. कुठल्या गिरणीत, किती वर्षं, कसली मशीनं. लेथवर जुन्या शाफ्टचा तुकडा फिरत होता आणि चकचकीत किस खाली पडत होता. मध्येच त्यानं मान वर केली.

“पन अस्सल वाटी कोठी गेली जी? तुटकी का होईना, असंल ना?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. आता सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा.

“हरवली,” हे म्हणाले. “माझ्याच हातनं. म्हातारपण, दुसरं काय.”

मिस्त्रीनं मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला. मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडं बघत बसले. माझी चूक ह्या माणसानं परक्यासमोर स्वतःवर घेतली, आणि तीसुद्धा न कळता, असं मला वाटलं. त्या वेळी मला तसंच वाटलं.

शनिवारी ह्यांनी वाटी बसवली. तासभर घासून, तेल देऊन, पुन्हा घासून. मग दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकला. खट् असा आवाज झाला. गुणवंतरावांनी टाळ्या वाजवल्या. पंचफुलाबाईंनी मीठमोहऱ्या घेऊन गाडीवरनं उतरून टाकल्या, आणि मला कुंकू लावताना कानात म्हणाल्या, “बाई, ह्या वाटीचा पहिला पापड मीच कुटला, हे सांगजा बरं घरी.”

मी त्यांना गाडीतला एक चांगला स्टीलचा डबा दिला. त्यांनी तो घेतला, आत गेल्या आणि उडीद भरून परत आणला. रिकामं भांडं त्यांनीही कधी परत केलेलं नसणार.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आठ दिवसांतला एक शिल्लक होता.

फाट्यावर ह्यांनी गाडी बाजूला घेऊन रणजितला फोन केला. “येऊ नगंस,” एवढंच म्हणाले आणि पुढं जरा ऐकून हसले. परत येऊन बसले. गाडी सुरूच होती, न्यूट्रलवर. मला आता राहवेना.

“अवो, मला तुम्हाला सांगायचंय. ती वाटी...”

“लसूण संपला का गं?” ह्यांनी विचारलं.

मी वळून ह्यांच्याकडं बघितलं.

“झणझणीत हुता,” हे समोर बघत म्हणाले. “वाटीचा लसूण.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. चष्मा इसरलो हुतो न्हवं? निम्म्या वाटेवरनं माघारी आलो. पुढच्या खिडकीतनं हात घालून घेतला. मागं तुमचा दोघींचा काटा चालला हुता. तू ‘घे’ म्हणालीस ते ऐकलं.”

“मग तेव्हाच का बोलला नाही? ती बाई तिथंच होती. हात पुढं केला असता तर वाटी परत मिळाली असती.”

“मिळाली असती. पर तू दिली हुतीस.” ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. “चाळीस वर्सांत माझं कुठलं काम तू अडवलं न्हाईस. अडवलंस, म्हंजे हिला लईच घरी जायचं आसंल, आसं समजलो.”

“आणि तरी अकोल्याला गेलासा?”

“ऱ्हावंना. फिटरचा जीव हाय.” मग जरा थांबून म्हणाले, “कणीक मागितली तवा मनात ठरवलं हुतं, हिनं न्हाई म्हटलं की संपलं. रणजितला फोन करायचा. तू तिंबलीस. म्हटलं, सवयीनं तिंबली आसंल. दिली कणीक, तिला काय. पर उडदाचं पीठ मी मागितलं नव्हतं, शालन.”

माझे डोळे भरून आले. ह्यांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

“आता खरं बोल,” हे म्हणाले. “डावीकडं घर. उजवीकडं नवेगाव. कुठं जायचं?”

फळी किती उंच हवी ते ह्यांनी मला विचारलं होतं. पडदे कुठल्या रंगाचे, स्टोव्ह कुठल्या बाजूला, गणपती कुठं, सगळं विचारलं होतं. तुला यायचंय का, एवढंच विचारलं नव्हतं. लग्न करून आणल्यापासून कुठल्याच बाबतीत विचारलं नव्हतं. आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. वाटी लसणावर घालवण्याएवढी माझी हिंमत झाली, पण ‘मला घरी जायचंय’ ह्या तीन शब्दांची झाली नव्हती.

“आधी घर,” मी म्हटलं. “पंधरा दिवस. नातू चालताना बघते, सगळ्यांना भेटते. मग नवेगाव.”

हे बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं आपटत बसले. मला वाटलं, नाराज झाले.

“पंधरा दिवस वाटी टिकंल न्हवं?” ह्यांनी विचारलं.

“माझ्या हातच्या पापडाची आहे. वर्षभर काही होत नाही.”

हे मोठ्यानं हसले. मग माझा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला, आणि पहिला गिअर टाकला. गाडी डावीकडं वळली.

तीन दिवसांनी आम्ही इचलकरंजीत शिरलो, ट्रकवर लादून नव्हे, स्वतःच्या चाकांवर. रणजित दारात उभा होता. त्याच्या मागं, भिंत सोडून, नातू उभा होता.

पंधराव्या दिवशी आम्ही परत निघालो. नवेगावचा तलाव बघितला. पक्षी तोवर गेले होते, नुसतं पाणी होतं. ह्यांना त्याचं काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्यानंतर सात वर्षं ती गाडी फिरली. ती वाटी पुन्हा बदलावी लागली नाही. हे आता नाहीत. गाडी मागच्या दारी उभी आहे आणि उन्हाळ्यात मी तिच्यात पापड वाळत घालते.

पण त्या सात वर्षांत कुठलाही फाटा आला, की हे गाडी मधोमध उभी करून न्यूट्रलमध्ये टाकायचे आणि माझ्याकडं बघायचे. रस्ता कुठं जातोय ते दोघांनाही ठाऊक असायचं. तरी बघायचे. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवून हैराण व्हायचे. हे खिडकीतनं हात बाहेर काढून त्यांना ओरडून सांगायचे, “जरा दम काढा की! हिला इचारतोय!”